एकास चोवीस

दिवाळीच्या आधी आठवडाभर बागलाण तालुक्यातल्या सटाण्यासारख्या गावात अंगणाच्या कोपऱ्यात दगड रचले जातात, त्यांवर गोणपाट टाकून मातीचा लेप दिला जातो, हळीव आणि मोहरी पेरली जाते आणि चार-पाच दिवसांत हिरवा किल्ला उभा राहतो. बागलाणच्या मुलांना नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला साल्हेर याच तालुक्यात आहे आणि १६७२ च्या लढाईने त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात कायमचे कोरले आहे. या मातीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो, तोफ दरवाजात मावत नाही आणि पायथ्याचा वाघ महालाहून मोठा असतो. त्यात काही चूक नाही, कारण तो किल्ला प्रेमाने रचलेला असतो आणि प्रेमाला मोजपट्टी लागत नाही. मात्र प्रतिकृतीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात सुरुवातीलाच एक आकडा ठरतो आणि मोठ्या पंखापासून बारीक खिळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू त्या आकड्याची बांधील होते. जुन्या लढाऊ विमानाची, तयार किट न वापरता, मुळापासून घडवलेली मापातली प्रतिकृती हा या प्रकारातला सर्वांत कसोटीचा नमुना. अशी प्रतिकृती घडवणे हा इतिहासाचा पुरावा तपासण्याचा एक खरा मार्ग आहे आणि त्याला आपल्या शाळांत व घरांत जागा मिळायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

उदाहरण म्हणून ज्याच्याशी आपले नाते आहे असेच विमान घेऊ. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक म्हणून उडालेल्या मोजक्या भारतीयांत चार नावे प्रामुख्याने घेतली जातात : इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवत. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीला गेलेले त्यांचे विमान परतले नाही. ३० जून १९१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि आमियाँजवळच्या हँगार्ड येथील युद्ध-दफनभूमीत त्यांची कबर आहे. इंद्रलाल रॉय यांचे नाव आज बऱ्यापैकी माहीत आहे, वेलिणकरांचे महाराष्ट्रातही फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यांच्याविषयी चार ओळींचा मजकूर लिहिणे सोपे आहे. त्यांचे विमान घडवायला घेतले की त्या चार ओळी किती थोडे सांगत होत्या, ते कळू लागते.

शब्दांना पळवाट असते. ‘ते दोन पंखांच्या विमानातून लढले’ असे लिहिले की वाक्य पूर्ण होते आणि वाचकही पुढे जातो. प्रतिकृतीत तसे पुढे जाता येत नाही. वरचा पंख खालच्या पंखाच्या पुढे होता की मागे, किती उंचीवर होता, वैमानिक त्याच्या खाली बसत होता की पाठीमागे, हे ठरल्याशिवाय पहिला खांबसुद्धा उभा करता येत नाही. डॉल्फिनच्या बाबतीत उत्तर चकित करणारे आहे. हर्बर्ट स्मिथ यांनी आखलेल्या आणि मे १९१७ मध्ये प्रथम उडालेल्या या विमानात वरचा पंख नेहमीपेक्षा खाली आणि खालच्या पंखाच्या थोडा मागे होता. पंखाच्या मधल्या भागात पोलादी नळ्यांची उघडी चौकट होती आणि त्या चौकटीतून वैमानिकाचे डोके पंखाच्या वर निघत असे. त्यामुळे वर आणि पुढे त्याला मोकळी नजर मिळे. पण उतरताना विमान उलटले तर सगळा भार त्याच डोक्यावर आणि मानेवर येई. पुस्तकात ‘दृष्टिक्षेत्र उत्तम, मात्र धोका अधिक’ असे वाचून हे समजते. चौकटीत बसणारी वैमानिकाची आकृती ठेवताना तिचे डोके पंखाच्या रेषेवर आलेले दिसते, तेव्हा ते पटते. समजणे आणि पटणे यांतले अंतर ओलांडायला हातांची मदत लागते, हा माझ्या म्हणण्याचा पहिला आधार.

दुसरा आधार याहून महत्त्वाचा आहे. प्रतिकृती घडवणाऱ्याला ‘डॉल्फिन’ या नावावर थांबता येत नाही. त्याला एक विशिष्ट विमान आणि त्याचा एक विशिष्ट दिवस निवडावा लागतो. पहिल्या नमुन्यात पाणी थंड करणारा रेडिएटर मोटारीसारखा नाकावर होता. पुढे तो दोन भागांत विभागून विमानाच्या दोन्ही बाजूंना गेला आणि नाक निमुळते झाले. आराखड्यात चार बंदुका होत्या : पंख्याच्या पात्यांमधून नेमक्या वेळी गोळ्या झाडणाऱ्या दोन व्हिकर्स आणि चौकटीच्या आडव्या नळीवर तिरप्या, वर रोखलेल्या दोन लुईस. प्रत्यक्षात या लुईस बंदुका हिसक्याने फिरून वैमानिकाच्या तोंडावर आदळत, म्हणून अनेक ठिकाणी त्यांतली एक किंवा दोन्ही काढून टाकल्या जात. मग आपल्या प्रतिकृतीवर किती बंदुका ठेवायच्या? त्याचे उत्तर आराखड्यात नाही, त्या विमानाच्या फोटोत आहे. पंख्याचेही तसेच. डॉल्फिनचे २०० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा इंजिन गिअरचे होते. दात्यांच्या दोन चाकांची जोडी मध्ये आली की फिरण्याची दिशा उलटते. म्हणून गिअरच्या इंजिनाच्या पंख्याचा पीळ थेट जोडलेल्या इंजिनाच्या पंख्याच्या उलट असतो. लाकडी पंखा कोरणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर त्याचे विमान कागदोपत्री मागे ढकलले जाईल. याच गिअरच्या दोषांमुळे त्या इंजिनाने वैमानिकांना सतावले होते. एका पंख्याचा पीळ शोधताना त्या काळच्या कारखान्यांची अडचण अशी हाताशी येते.

रंगाचा प्रश्न तर इतिहासाच्या अभ्यासकाला शहाणा करणारा आहे. त्या काळचे फोटो काळे-पांढरे आहेत आणि त्यातला मोठा भाग अशा फिल्मवर घेतला गेला जिला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा फार उजळ दिसे. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हात बाहेर निळे, मध्ये पांढरे आणि आत तांबडे वर्तुळ असे. फोटोत मात्र निळे फिकट आणि तांबडे जवळजवळ काळे उतरते. जो फोटोला डोळे झाकून प्रमाण मानेल, तो चुकेल. वरच्या पृष्ठभागांवरचा ‘पी.सी. १०’ हा लेप लोहयुक्त पिवळट माती आणि काजळी यांच्या मिश्रणाचा होता. उन्हापासून कापड वाचवणे हे त्याचे काम. तो हिरवट होता की तपकिरी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, कारण मिश्रण, माध्यम आणि वापर यांनुसार त्याची छटा बदलत असे. येथे ब्रश हातात घेणाऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो आणि त्या निर्णयाचे कारणही सांगावे लागते. म्हणूनच चांगला कारागीर प्रतिकृतीसोबत एक वही ठेवतो : अमुक भाग आराखड्यावरून, अमुक फोटोवरून, अमुक अंदाजाने. ही वही हा त्या कामाचा निम्मा जीव आहे.

प्रत्यक्ष घडणीकडे वळले की दिसते, हे काम आपल्या हातांना परके नाही. १९१८ चे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्याला ताणून धरणाऱ्या तारा आणि वर लेप देऊन घट्ट केलेले लिननचे कापड. कामट्यांचा आकाशकंदील करणाऱ्याला आणि पतंग बांधणाऱ्याला या रचनेचे तत्त्व आधीच ठाऊक असते. सांगाडा भार घेतो, आवरण ताण घेते, दोन्ही मिळून वस्तू हलकी आणि ताठ होते. सटाण्याच्याच जिल्ह्यातले येवले पतंगांसाठी प्रसिद्ध आहे आणि पतंगाचा पातळ कागदच येथे उपयोगी पडतो. हौशी माणसाला वाटते की मूळ विमानाला कापड होते, म्हणून आपणही मलमल लावावी. पण एकास चोवीस या मापात मलमलीचा धागा सुतळीसारखा जाड दिसतो आणि पंखाला गोणपाटाची कळा येते. तीच गोष्ट पंखाच्या फासळ्यांची. लेप दिलेले कापड तबल्याच्या पुडीसारखे ताठ असे, फासळ्यांमध्ये ते फार थोडे दबे, म्हणून प्रतिकृतीत फासळ्या फार उठून दिसल्या तर ती चूक ठरते. मापात विचार करणे म्हणजे काय, ते येथे उमगते. मूळ साहित्य वापरल्याने खरेपणा येत नाही, मूळ परिणाम साधल्याने येतो. बंदुकीच्या नळीला इंजेक्शनची सुई, नियंत्रणाच्या तारांना सोनाराच्या जंतरातून ओढलेली बारीक तार किंवा नायलॉनचा धागा, पातळ पत्र्याला प्लास्टिकची पातळ शीट. इंग्लंडमधील हॅरी वुडमन यांनी १९७५ मध्ये प्लास्टिकच्या साध्या शीटमधून विमाने घडवण्यावर पुस्तक लिहिले आणि महागड्या साहित्याशिवाय उच्च दर्जाचे काम होऊ शकते हे दाखवून दिले. कानस, पॉलिश पेपर, कॅलिपर आणि धीर एवढी हत्यारे पुरतात. धीर सर्वांत जास्त लागतो, कारण एक मिलिमीटरची चूक मूळ विमानावर २४ मिलिमीटरची होते.

माप आणि पुरावा यांचे नाते किती घट्ट आहे, ते आपल्याकडच्याच एका प्रसिद्ध कथेवरून तपासता येते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे यान उडवले, असे सांगितले जाते. त्या यानाची मापातली प्रतिकृती कुणी घडवायला बसला तर पंखाची लांबी, वजन, इंजिनाची ताकद, जोडणी यांपैकी कशासाठीही त्या काळचा मोजमापाचा आराखडा हाताशी येत नाही. या कथेशी ज्याचे नाव जोडले जाते त्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तपास केला आणि त्यातली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. तळपद्यांच्या जिज्ञासेचा आदर ठेवूनही हे मान्य करावे लागते. अभिमानाने भरलेले भाषण पुराव्याशिवाय होऊ शकते, मापातली प्रतिकृती होऊ शकत नाही. वेलिणकरांच्या विमानाचा प्रत्येक खांब मोजता येतो आणि म्हणून त्यांच्याविषयीचा अभिमान भक्कम जमिनीवर उभा राहतो.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा : सगळा तपशील कधीच मिळत नाही, मग प्रतिकृती हीसुद्धा अर्धी कल्पनाच नाही का? होय, काही भाग अंदाजाचा राहतोच. पण लंडनच्या हेंडन येथील रॉयल एअर फोर्स म्युझियममधले पूर्ण आकाराचे डॉल्फिनही उरलेल्या मूळ सुट्या भागांभोवती नव्याने उभारलेले आहे आणि ते काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. दोन हजारांवर बांधलेल्या विमानांपैकी एकही अखंड उरले नसताना त्या कारागिरांनी आराखडे आणि अवशेष यांवरून ते पुन्हा उभे केले. अंदाज घ्यावा लागणे हा दोष नाही, अंदाज लपवणे हा दोष आहे. लेखी इतिहासालाही हाच नियम लागू आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. बाजारात सुबक किट मिळतात, त्रिमितीय छपाईचे यंत्र हवा तो भाग काही तासांत काढून देते, मग हाताने फासळ्या कापायच्या कशाला? किट घेणारा आनंद जरूर मिळवतो, पण प्रश्न आधीच दुसऱ्याने विचारलेले आणि सोडवलेले असतात. छपाईच्या यंत्राचे तसे नाही. त्याला आधी आराखडा द्यावा लागतो आणि आराखडा करणाऱ्यापुढे खांबाचा कोन, पंख्याचा पीळ, बंदुकांची संख्या हे सगळे प्रश्न जसेच्या तसे उभे राहतात. म्हणून ज्याला यंत्र परवडते त्याने ते खुशाल वापरावे. या कलेचा कस हत्यारात नाही, शोधात आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. युद्धाचे, तेही परक्या साम्राज्याच्या युद्धाचे यंत्र मुलांच्या हाती गोंडस करून का द्यावे? प्रतिकृती गोंडस असेल तर हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण तपशीलवार प्रतिकृती गोंडसपणा टिकू देत नाही. पंखाच्या वर उघडे आलेले डोके, हातभर अंतरावरच्या बंदुका, भोवती लाकूड आणि ज्वालाग्राही लेपाचे कापड, आणि आसनापाशी हवाई छत्रीला जागाच नाही, कारण त्या युद्धात ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना ती दिलीच जात नव्हती. हे सारे आपल्या हाताने मांडणारा मुलगा किंवा मुलगी युद्धाला खेळ समजणार नाही. साम्राज्याच्या सेवेत गेलेल्या तरुणांचा विचार करताना गौरव आणि खंत दोन्ही एकत्र बाळगायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. दिवाळीचा किल्लाही लढाईचीच वास्तू असतो, आणि त्यातून आपण मुलांना हिंसा शिकवत नाही, स्वराज्याची किंमत शिकवतो.

सटाण्याहून नाशिकला जाताना ओझर लागते. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग आणि पुढे सुखोई विमाने बांधली गेली. ज्या जिल्ह्यात विमाने घडतात, त्या जिल्ह्यातल्या मुलांना विमान कसे घडते याची पहिली अक्षरे लाकूड, कागद आणि तारेतून गिरवता यावीत, ही अपेक्षा जास्त नाही. सुतार, सोनार, पतंग बांधणारे आणि चित्रकलेचे शिक्षक प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. इतिहास, भूमिती आणि विज्ञान हे तीन तास एका टेबलावर आणायचे, एवढेच शाळांनी करायचे आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की या दिवाळीत मातीच्या किल्ल्याशेजारी एक मोजपट्टी ठेवा, आणि सुट्टी संपली की दुसऱ्या सत्रासाठी मुलांपुढे वेलिणकरांचे डॉल्फिन ठेवा. मूळ विमानाचे पंख ९.९१ मीटर पसरत आणि लांबी ६.७८ मीटर होती. एकास चोवीस या मापात ते ४१ सेंटिमीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर लांब होते. शाळेच्या कपाटातल्या एका फळीवर ते मावते.