ताप येतो, जातो, पुन्हा येतो... रिपोर्ट मात्र नॉर्मल! असं का होतं?

संध्याकाळ झाली की अंग तापतं. गोळी घेतली की घाम येऊन उतरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "हाडीताप असेल."

डॉक्टर याला 'अज्ञात कारणाचा ताप' म्हणतात. १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी त्याची व्याख्या केली : तीन आठवड्यांहून जास्त काळ, वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला ताप.

कारणं कोणती?

पहिलं, संसर्ग. आपल्याकडे सगळ्यात आधी संशय क्षयरोगाचा. तो फक्त फुप्फुसात होत नाही. गाठी, मणका, पोटातही लपतो, आणि तेव्हा खोकला नसूही शकतो. शिवाय यकृतातला गळू, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस.

दुसरं, लिम्फोमासारखे कर्करोग.

तिसरं, ल्युपससारखे आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते.

आणि कधीकधी चालू असलेलं औषधच ताप आणतं!

निदान कसं होतं?

सुरुवात मशीनने नाही, प्रश्नांनी होते. वजन घटलं का? रात्री घाम येतो का? प्रवास, गुरं, कच्चं दूध, घरात कुणाला टीबी? मग रक्ततपासणी, ब्लड कल्चर, एक्स-रे, सोनोग्राफी. गरज पडली तर सीटी, पेट स्कॅन, आणि गाठीचा किंवा अस्थिमज्जेचा तुकडा तपासणं.

इथेच अनेकजण चुकतात

मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेतलं, तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. स्टेरॉइडने ताप उतरतो, पण टीबी किंवा लिम्फोमा झाकला जातो. आजार आत वाढत राहतो.

त्यापेक्षा थर्मामीटरने दिवसातून तीन-चारदा ताप मोजा, वेळेसह वहीत लिहा. सगळी औषधं आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.

गुंगी, मान आखडणं, धाप किंवा रक्तस्राव असेल, तर मात्र थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

काहींमध्ये कारण शेवटपर्यंत सापडत नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा ताप आपोआप जातो. म्हणून घाबरू नका. डॉक्टर मात्र दर आठवड्याला बदलू नका. नाहीतर तपास दरवेळी पहिल्यापासून सुरू होतो.