मावा पिवळ्यावर का उतरतो?
शिवारातल्या किडी : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण कामगंध सापळे पाहिले. बोंडअळीचा नर पतंग रात्री वासाच्या मागावर येतो. मावा आणि पांढरी माशी उडतात दिवसा, आणि कुठे उतरायचं हे बरंचसं डोळ्यांनी ठरवतात. म्हणून तर भेंडी-वांग्याच्या रानात पिवळे चिकट सापळे लावतात. कुणी तयार कार्डं आणतो, कुणी जुन्या पत्र्याला पिवळा रंग देऊन वर ग्रीस किंवा एरंडेल फासतो. दोन्हींवर कीड चिकटते. पण जिला हिरव्या पानातला रस हवा, ती पिवळ्या पत्र्यावर का जाते?

माव्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात : अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या. तांबड्यासाठी वेगळी सोय नाही. पान निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतं, हिरवा थोडा परतवतं. त्यामुळे माव्याच्या लेखी पानाची खूण एवढीच : हिरवा जास्त, निळा कमी. पिवळा रंग निळा प्रकाश जवळजवळ गिळून टाकतो, आणि हिरव्या पट्ट्यातला प्रकाश मात्र पानाच्या कित्येक पट परतवतो. म्हणजे माव्याला जी खूण हवी, ती पानापेक्षा पत्र्यावरच ठळक उमटते. तो पिवळ्यावर भाळतो असं आपण म्हणतो खरं, पण आपल्याला दिसतो तसा पिवळा त्याला दिसत असेल, हे मला पटत नाही. पांढरा कागद याहून उजळ असूनही तितकी कीड ओढत नाही, कारण तो निळाही भरपूर परतवतो आणि खूण पुसली जाते.

शेतात ही ओढ माव्याच्या पथ्यावरच पडते. कोवळी पालवी फिकट असते, पिकत चाललेलं पानही फिकट असतं, आणि दोन्हींच्या रसात अमिनो आम्लं जून, गडद पानापेक्षा जास्त असतात. घाटा होतो तो माणसाने रंगाचा डबा उघडल्यावर.

फोल्कर म्योरिके या जर्मन शास्त्रज्ञाने १९५१ साली माव्यासाठी रंगाच्या सापळ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं : पिवळी पसरट भांडी, आत पाणी. कीटक मोजायला अशी भांडी अभ्यासक आजही वापरतात.

याहून रंजक गोष्ट अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांतली आहे. तिथली फळमाशी फळात अंडी घालते. रोनाल्ड प्रोकोपी यांनी १९६० च्या दशकात झाडांवर नाना रंगांचे, नाना आकारांचे चिकट नमुने टांगून पाहिले. पिवळ्या चौकोनी पाट्यांवर माश्या आल्या त्या पान समजून, अन्नाच्या शोधात. अंड्यावर आलेल्या माद्या मात्र तांबड्या गोळ्यांकडे वळल्या. आता तांबडा तर माशीला नीट दिसत नाही! तिला दिसतो तो आकाशाच्या आणि पानांच्या उजेडावर उठून दिसणारा काळपट गोल, म्हणजेच फळ. नमुने तेच नि माशीही तीच, पण पोट भरायचंय की अंडी घालायचीत यावर तिची निवड बदलते. फुलकिड्यांसाठी निळे सापळे लावतात, तरी सगळ्या जाती निळ्यालाच जातात असं नाही. काहींना पिवळा जास्त खेचतो.

रंगाने कीड हाकलताही येते. टोमॅटो, कलिंगडाच्या गादीवाफ्यावर मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर ठेवतात. ती अतिनील प्रकाश परतवते, आणि तो प्रकाश म्हणजे माव्याच्या लेखी आभाळ. खाली आभाळ दिसलं की उतरायला तो बिचकतो. वेल पसरून कागद झाकला की हा उपाय संपला.

पिवळ्या सापळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. त्यावर ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्याही चिकटतात. कीड कधी वाढली हे कळायला तो उत्तम, पण त्यानेच सगळी कीड संपवू म्हणून रान पिवळं करणं मला पटत नाही.

शिवाय रंगामुळे कीड फक्त उतरते, मुक्कामाचं त्यानंतर ठरतं. मावा पानात सोंड खुपसून चव घेतो आणि झाड आपलं नसेल तर उडून जातो. विषाणूजन्य रोग पसरायला मात्र तेवढं खुपसणंही कधीकधी पुरतं. ते कसं, हे पुढच्या लेखांकात.