हरिहरेश्वरचा जाळीदार खडक

हरिहरेश्वरला गेलात तर प्रदक्षिणेच्या वाटेवर जरा रेंगाळा. कातळाच्या घळीतून पायऱ्या उतरलात की डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रालगत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला खडक दिसतो. बोट घालून बघा, दोन भोकांमधली भिंत किती पातळ उरलीय ते कळेल!

हा आपला काळवत्री दगड, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मुख्य खनिजं दोन, प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन. त्यांच्यासोबत थोडं लोहयुक्त मॅग्नेटाइट. दख्खनच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरली. पांढरा ठिपका दिसला की थांबाच.

पण ही जाळी कोरली ती मुख्यतः मिठाने. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दाब देऊन कण न् कण सुटा करतात. लाटांच्या माऱ्याइतकंच हे मुकं काम मला थक्क करतं.

खाली उतरायचं ते पूर्ण ओहोटीलाच. भरतीची वेळ गावात विचारून घ्या, शेवाळावर पाय जपून टाका. आणि दगड फोडून आणू नका, फोटो काढा.