गोळ्या दिल्या, पण सांगितले काय?

खडवलीच्या वस्तीतला एक तरुण. रोज पहाटेच्या लोकलने कल्याणला नाक्यावर कामाला जायचा. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चौथ्याच दिवशी त्याने त्या बंद केल्या. आई म्हणाली, "ऐकतच नाही." आम्ही बाजूला घेऊन विचारले, तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, लघवीतून रक्त जातंय."

ते रक्त नव्हते. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-केशरी होते, घाम आणि अश्रूसुद्धा. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण हे एक वाक्य त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

दोष दुसऱ्यावर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. नोकरीत असताना रांग मोठी दिसली की आम्हीही गोळ्या हातावर ठेवून "पुढचा" म्हणायचो. पेशंट परत आला नाही की त्यालाच अडाणी ठरवायचो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितले, की श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात. मग वस्तीलाच का नावे ठेवायची?

टीबीचा नेहमीचा उपचार ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधे, पुढचे ४ महिने तीन. काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. जंतू मात्र आत शिल्लक असतात. अर्धवट औषधाने ते औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषण आहारासाठी महिना १००० रुपयेही मंजूर आहेत.

दवाखान्यातून उठण्याआधी एवढे विचाराच: गोळी कशासाठी? किती दिवस? काय त्रास होईल? चुकली तर काय करायचे? डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विनयपिटकात रुग्णाने आपला आजार जसा आहे तसा सांगावा आणि शुश्रूषा करणाऱ्याने मैत्रीभावाने सेवा करावी, असे दोघांचेही गुण सांगितले आहेत. तो तरुण आमच्यासोबत दवाखान्यात आला, सुटलेल्या गोळ्यांचे खरे सांगितले आणि उपचार पुन्हा सुरू झाला. या वेळी त्याने चारही प्रश्न विचारले. आम्ही फक्त शेजारी उभ्या होतो.