‘तेवढं एक करून दे ना!’ – ठरलेल्या कामाला शेपूट फुटतं तेव्हा

आजचा भाग फ्रीलान्सिंग करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, भाषांतर, वेबसाइट, काहीही करत असाल तरी एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असणार. ‘अगं, तेवढं एक करून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे.’

याला इंग्रजीत स्कोप क्रीप म्हणतात. म्हणजे ठरलेलं काम हळूहळू फुगत जातं, पैसे मात्र तेवढेच राहतात. मी यात चांगलीच पोळले आहे, म्हणून आधी माझी गोष्ट सांगते.

चार बॉक्स आणि एक दिवाळी

मी पुण्यात ग्राफिक डिझायनर म्हणून काम करते. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या ओळखीतल्या एका काकांनी फोन केला. त्यांचा फराळाचा व्यवसाय आहे. चकली, चिवडा, शंकरपाळी आणि करंजी अशा चार बॉक्सची डिझाइन हवी होती. १६,००० रुपये ठरले, ८,००० आधी आणि ८,००० नंतर. माझा अंदाज होता ३२ तासांचा, म्हणजे तासाला ५०० रुपये. मी खूश होते. लिहून काही घेतलं नाही. काकांकडून काय लिहून घ्यायचं?

मग सुरू झालं. ‘बेसन लाडवाचा एक छोटा बॉक्स कर ना.’ केला, ५ तास. ‘दरपत्रक?’ २ तास. ‘दुकानाबाहेर फ्लेक्स लावायचेत, दोन साइजमध्ये दे.’ ४ तास. इन्स्टाग्रामच्या दहा पोस्ट, १० तास. कंपन्यांना द्यायच्या गिफ्टचे टॅग, ३ तास. चारही बॉक्सवर इंग्रजी मजकूर, ६ तास. शिवाय सात वेळा बदल, कारण काका, काकू आणि त्यांचा मुलगा तिघं तीन गोष्टी सांगायचे. त्यात १४ तास गेले.

बेरीज करा. जादाचे ४४ तास! एकूण ७६ तास, आणि माझा दर आला तासाला जेमतेम २१० रुपये.

पैशांचं एक वेळ सोडा. त्याच दिवसांत एका प्रकाशकाने मला मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी नमुन्याची दोन चित्रं मागितली होती. असं पुस्तक करायचं हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. पंधरा दिवस होते हातात. ती दोन चित्रं माझ्याकडून झाली नाहीत, आणि ते पुस्तक दुसऱ्या कुणाकडे गेलं.

त्यानंतर काकांचा फोन आला, ‘उरलेले पैसे देतो गं, तेवढा वेबसाइटचा बॅनर करून टाक.’ माझा बांध फुटला. मी फोनवरच रडत, ओरडत सगळा हिशेब ऐकवला. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘अगं, तू एकदाही बोलली नाहीस. मला वाटलं, हे सगळं त्यातच येतं.’

त्या वेळी मला राग आला. आज वाटतं, काका खरंच बोलत होते. डिझाइनला किती वेळ लागतो हे त्यांना कुठून कळणार? मी लाडवाचा बॉक्स हसत हसत फुकट केला, तेव्हाच जादा कामाचा दर ठरला होता. शून्य रुपये. आणि तो मीच ठरवला होता.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही. पाचव्या जादा कामाला नाही म्हणणं फार अवघड असतं. बोलायचं ते पहिल्याच कामाला, आणि तेही गोड शब्दांत. आता ते कसं, ते बघू.

१. काय नाही, तेही लिहा

दहा पानी करार लागत नाही. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर एक यादी पुरते. पण बहुतेक जण ‘काय देणार’ एवढंच लिहितात. ‘यात काय येत नाही’ ही ओळ जास्त उपयोगी पडते. माझ्या त्या कामासाठी ती अशी असायला हवी होती: ‘चार बॉक्सची छपाईसाठी तयार फाइल. फ्लेक्स, सोशल मीडिया पोस्ट, दुसऱ्या भाषेतला मजकूर आणि छपाईचा खर्च यात नाही. हवं असल्यास वेगळा दर सांगेन.’ आणि समोरून ‘ठीक आहे’ असं उत्तर येईपर्यंत काम सुरू करायचं नाही.

२. बदल मोजून ठेवा

‘दोन वेळा बदल करून मिळतील’ एवढं म्हणणं पुरत नाही. एक वेळ म्हणजे काय, तेही सांगा. सगळे बदल एकत्र, एकाच यादीत आणि एकाच माणसाकडून. नाहीतर सकाळी काकांचा लाल रंग, दुपारी काकूंचा केशरी आणि रात्री मुलाचं ‘जरा मॉडर्न कर’.

इथे एक प्रामाणिकपणाही हवा. माझ्याकडून ‘शंकरपाळी’चं स्पेलिंग चुकलं असेल, तर ती दुरुस्ती फुकट, कितीही वेळा. मंजूर झालेला रंग कुणाला नंतर आवडेनासा झाला, तर ते नवं काम. चूक माझी की विचार त्यांचा बदलला, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा.

३. ‘हो’ म्हणा, पण किंमत आणि तारीख सांगून

पहिलं जादा काम आलं की मी आता हा मेसेज पाठवते:

‘हो काका, नक्की करते. हे आपल्या यादीत नव्हतं, त्यामुळे याचे १,५०० रुपये होतील आणि गुरुवारी मिळेल. सुरू करू का?’

बस. सॉरी नाही, कारणं नाहीत, टोमणे नाहीत. समोरच्याचं बजेट खरंच नसेल, तर अजून दोन वाटा असतात. अदलाबदल: ‘लाडवाचा बॉक्स करते, मग करंजीचा काढूया का?’ किंवा पुढे ढकलणं: ‘हे आधी संपवू, ते दिवाळीनंतर घेऊ.’

आणि नात्याखातर फुकट करावंसं वाटलं तर? जरूर करा. पण बिलावर दाखवा: ‘दरपत्रक १,००० रुपये, सवलत १,००० रुपये.’ म्हणजे तुम्ही भेट दिली हे समोरच्याला कळतं, आणि कामाची किंमतही शून्य होत नाही.

४. पैसे टप्प्याटप्प्याने

अर्धे आधी, अर्धे शेवटी यात एक गोची आहे. ‘शेवट’ कधी, ते क्लायंट ठरवतो, आणि जादा काम त्या शेवटाला लोंबकळत राहतं. मी आता ४० टक्के सुरुवातीला, ३० टक्के पहिला नमुना मंजूर झाल्यावर आणि ३० टक्के अंतिम फाइल देण्याआधी घेते. तोवर वॉटरमार्क असलेली, कमी रिझोल्यूशनची प्रत पाठवायची.

५. आधीच अडकला असाल तर

मी केलं तसं फोनवर फुटू नका. आतापर्यंत काय ठरलं होतं आणि काय काय दिलं, त्याची शांतपणे यादी करा आणि पाठवा. सोबत लिहा, ‘इथपर्यंतचं जादा काम मी हिशेबात धरत नाही. यापुढचं मात्र या दराने.’ मागचं सगळं वसूल करायला गेलात तर भांडण होतं. पुढची रेघ मात्र बहुतेक जण मान्य करतात.

थोडं कायद्याचं

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्यानुसार तोंडी करारही ग्राह्य असतो. अडचण असते ती सिद्ध करण्याची. म्हणून फोनवर काही ठरलं की लगेच मेसेज टाका, ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे…’

दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी. ही सरकारी पोर्टलवर मोफत होते, आणि काम घेण्याआधीच करून ठेवावी. नोंदणी असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. करारात काहीही लिहिलं असलं, तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. काम दिल्यावर १५ दिवसांत क्लायंटने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. रोज कुणी कोर्टकचेरी करणार नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक असला की बोलण्याला वजन येतं.

आणि काका?

पुढच्या दिवाळीआधी त्यांचा परत फोन आला. मला वाटलं नव्हतं. मी यादी पाठवली, ‘यात काय नाही’सकट. त्यांनी घासाघीस केली, पण यादीतलं काम कमी करून. मध्येच म्हणाले, ‘अगं, स्टिकर पण करून दे ना.’ मी म्हटलं, ‘हो काका, १,५०० रुपये, गुरुवारी देते.’

‘असं होय? मग राहू दे, मागच्या वर्षीचेच पडलेत ढीगभर.’

मी फोन ठेवला आणि हसतच सुटले. मागच्या वर्षी रात्री जागून केलेल्या त्या सगळ्या गोष्टींपैकी कितींची त्यांना खरंच गरज होती, कुणास ठाऊक!

तर मंडळी, आज एवढंच करा. सध्या हातात असलेल्या कामाची दोन ओळींची यादी लिहा, काय आहे आणि काय नाही. ती आजच क्लायंटला पाठवा. भेटू पुढच्या भागात!