एका दिवसात मुंबई : सहलीचे थोडे गणित

"सर, यंदा मुंबईची सहल काढू या" हा प्रस्ताव आमच्या महाविद्यालयात दरवर्षी दिवाळीनंतर येतो आणि दरवर्षी त्याच दोन खडकांवर आपटतो. पहिला खडक पैशाचा. चाळीस मुलांना मुंबईत एक रात्र लॉजवर ठेवायचे म्हटले की वर्गणीचा आकडा असा फुगतो की निम्मी नावे आपोआप गळतात, आणि गळतात ती नेमकी ज्यांनी मुंबई कधीच पाहिलेली नाही त्यांची. दुसरा खडक घरच्यांच्या परवानगीचा. "मुंबईत मुक्काम" हे दोन शब्द ऐकले की खेड्यातल्या मुलींचे वडील मान हलवतात ती आडवीच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दोन्हींवर तोडगा एकच. मुक्काम करायचाच नाही. एक रात्र गाडीत जाताना, दुसरी गाडीत येताना, आणि मधला दिवस मुंबईचा. गेली काही वर्षे मी अशा सहली नेतो आहे. यंदा ज्या विद्यार्थ्यांच्या अंगावर हे काम पडेल त्यांच्यासाठी, आणि उद्या चार मित्र मिळून स्वतःच निघतील त्यांच्यासाठीही, हे गणित मांडून ठेवतो.

आधी गाडी. निपाणीला रेल्वे नाही, पण कोल्हापूर अवघे चाळीस किलोमीटर. कोल्हापूरहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे करीत सकाळी साडेसातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, आणि तीच गाडी रात्री साडेआठच्या आगेमागे तेथून परत निघते. म्हणजे हाती बारा-तेरा तास उरतात. बेळगावकरांना मुंबईकडे थेट गाड्याही आहेत. पूर्वी मिरजेला रुळांची रुंदी बदले आणि उतारूंना बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे, ते दिवस गेले. तरीही माझे मत असे की बेळगावच्या मुलांनीसुद्धा दुपारच्या बसने निघून निपाणीकरांसह कोल्हापूर गाठावे. कारण साधे आहे : महालक्ष्मी थेट दक्षिण मुंबईच्या पोटात नेऊन सोडते. गाडी दादरला किंवा कुर्ल्याला संपली, तर ऐन सकाळच्या गर्दीत चाळीस मुलांना लोकलमध्ये कोंबावे लागते, आणि ते काम ज्याने केले आहे तो दुसऱ्यांदा करीत नाही.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते (२०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ही मुदत एकशे वीस दिवसांची होती). तेव्हा तारीख आधी ठरवावी, उत्साह मागाहून गोळा करावा. शैक्षणिक सहलीच्या सवलतीसाठी प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेऊन स्टेशनवर वेळेत चौकशी करावी. शुक्रवारी रात्री निघणे सर्वांत सोयीचे : शनिवार मुंबईत, रविवारी सकाळी घरी. पावसाळा वर्ज्य. २७ जुलै २०१९ रोजी हीच महालक्ष्मी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पुढच्याच महिन्यात आपला महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी रस्त्यावर आलेले निपाणीकरांना सांगायला नको.

आता खरा प्रश्न : पाहायचे काय? मुलांना यादी करायला सांगितली की एक विलक्षण कागद हाती येतो. गेटवे, एलिफंटा, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, मत्स्यालय, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू, फिल्मसिटी, आणि सर्वांत खाली कंसात एखाद्या नटाचा बंगला. ही यादी मुलांची नसतेच. ती त्यांच्या काका-मामांनी पाहिलेल्या 'मुंबई दर्शना'ची असते. त्यातले १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय तर आता बंद झाले आहे, पण यादीत ते बिचारे अजून मासे पाळून आहे!

या यादीचे काय होते ते नकाशा पाहिला की कळते. मुंबई ही आडवी पसरलेली नाही, उभी आहे. दक्षिणेला कुलाब्याचे टोक, उत्तरेला दहिसर, आणि मधली पट्टी अरुंद. सकाळी सगळे गाव दक्षिणेकडे धावते, संध्याकाळी उत्तरेकडे. गेटवेहून जुहूला जायचे तर दिवसा तास-दीड तास सहज मोडतो, आणि परतताना पुन्हा तितकाच. भाड्याची बस करून दहा ठिकाणे 'उरकणारी' सहल प्रत्यक्षात काय पाहते, तर बसच्या काचेतून पुढच्या बसची पाठ. एका परिचितांच्या संस्थेची सहल अशीच गेली होती. मुलांना आल्यावर निबंध लिहायला दिला, तर निम्म्यांनी सागरी सेतूवरच्या टोलनाक्याचे वर्णन लिहिले.

म्हणून माझा नियम : एकच भाग निवडावा आणि तो पायी पाहावा. तो भाग म्हणजे फोर्ट. येथे पूर्वी खरोखरीच किल्ल्याची तटबंदी होती. १८६० नंतरच्या दशकात ती पाडली गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या काही वर्षांत ज्या इमारती उठल्या त्याच आपण पाहायला जातो. त्यातल्या अनेक एकमेकींपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. वाहन लागत नाही, तिकीट फारसे लागत नाही, लागतात फक्त चांगल्या चपला.

पहिली प्रेक्षणीय इमारत शोधायला जावे लागत नाही. आपण तिच्यातच उतरतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेले हे स्टेशन १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधले जात होते आणि २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली उतारू गाडी गेली. मुलांनी प्रतीक्षालयात तोंडे धुवावीत, जड पिशव्या सामानघरात ठेवाव्यात, बरोबर आणलेली दशमी-चटणी खावी आणि मग रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहून स्टेशनकडे नीट पाहावे. घुमट, दगडात कोरलेली पाने-पक्षी-प्राणी, दारावरचा सिंह आणि वाघ. मागे वळले की महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.

संग्रहालय सव्वादहाला उघडते. तोवरच्या वेळेचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. बहुतेकांनी हळूहळू चालत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या गाठाव्यात (टाऊन हॉलची ही इमारत १८३३ ची), तेथून हुतात्मा चौक. पण काहींचे काम वेगळे असते. मागे तृतीय वर्षाच्या एका मुलाने मला विचारले होते, "सर, मला गेटवे नाही पाहिलं तरी चालेल. आजोबांची मिल बघता येईल का?" आजोबा निपाणीजवळच्या खेड्यातून लालबागला गेलेले, गावकीच्या खोलीत वीसजणांत राहिलेले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कायमचे गावी परतलेले. आपल्या सीमाभागात, तसेच चंदगड-गडहिंग्लजकडे, अशी घरे पुष्कळ सापडतील. अशा मुलाला 'यादीत नाही' म्हणून गप्प बसवणे मला तरी जमत नाही. आणि गणितातही ते बसते. सकाळी लोकलची गर्दी टर्मिनसकडे येणारी असते, उलट जाणारे डबे त्या मानाने मोकळे. चिंचपोकळी चौथे स्टेशन. तिघाचौघांनी मिळून जावे, येताना मात्र गर्दीची लोकल टाळून बस धरावी आणि साडेदहाला संग्रहालयाच्या दारात हजर व्हावे. मिलच्या जागी कदाचित टॉवर दिसेल, कदाचित मॉल. त्या मुलाला पडक्या भिंतीचा एक तुकडा आणि जुनी चाळ सापडली. त्याने चाळीच्या जिन्याचा फोटो काढून आजोबांना नेला.

हुतात्मा चौकात मी थोडे थांबतो. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याशेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात मोर्चावर गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या यादीत बेळगाव आणि निपाणीचीही नावे आहेत. आमच्याबरोबर कन्नड विभागाची मुलेही असतात. त्यांच्या घरी या इतिहासाकडे पाहण्याची नजर निराळी असू शकते, आणि वर्गात जो विषय कोणी काढत नाही तो येथे कोणीतरी काढतोच. मी मध्ये पडत नाही. एकदा तर संग्रहालयापर्यंतचा सगळा रस्ता दोघे मित्र, एक मराठीचा, एक कन्नडचा, यावरच वाद घालीत चालले होते आणि वाटेत दोघांनी एकाच ग्लासातून उसाचा रस प्याला.

येथून जवळच उच्च न्यायालय आणि विद्यापीठ. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा हे आपल्या पणजोबांच्या अपिलांचे न्यायालय होते. विद्यापीठाचे नाते त्याहून जवळचे. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन होईपर्यंत आपल्या भागातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयातून (स्थापना १९३३) त्या काळी पदवीधर झालेल्याच्या प्रमाणपत्रावर मुंबईचाच शिक्का असे. राणी चन्नम्मा विद्यापीठाचे आजचे विद्यार्थी राजाबाई टॉवरपुढे उभे राहतात तेव्हा हे त्यांना सांगावे, म्हणजे तो 'पॉइंट' राहत नाही, भाऊबंदाचे घर होतो. १८७८ साली पुरा झालेला हा मनोरा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईला एकदाही न येता विलायतेत बसून रेखाटला. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचे. आत सहजासहजी सोडत नाहीत. महिनाभर आधी महाविद्यालयाच्या कागदावर विनंतीपत्र पाठवावे, आणि परवानगी न मिळाल्यास ओव्हल मैदानाच्या बाजूने पाहून समाधान मानावे. तिकडूनच तो अधिक चांगला दिसतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला निदान तीन तास द्यावेत. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे, म्हणून ओळखपत्र खिशातच हवे. सर्व दालने पाहण्याचा हट्ट नको. शिल्पे आणि लघुचित्रे नीट पाहावीत, बाकी जमेल तसे. बाहेर पडल्यावर जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) फुकट पाहता येते. दुपारचे जेवण त्याच भागात एखाद्या उडुपी हॉटेलात घ्यावे. आमच्या कन्नड मुलांचा तेथे वेगळाच थाट असतो : वाढप्याशी दोन शब्द कन्नडमधून बोलले की सांबाराची दुसरी वाटी न मागता येते, आणि त्या दिवशी सारी मराठी मुले त्यांच्याच टेबलाभोवती बसतात.

एलिफंटाविषयी आमच्यात मतभेद आहेत. गेटवेहून लाँचने जायला एक तास, यायला एक, वरती शे-सव्वाशे पायऱ्या, म्हणजे चार-पाच तास गेले. सोमवारी लेणी बंद असतात. माझे म्हणणे, आपल्याला बदामी जवळ आहे, लेण्यांसाठी मुंबईचा दिवस कशाला खर्चावा? इतिहासाचे आमचे सहकारी चिडतात. त्यांच्या मते तो त्रिमुख सदाशिव एकदा पाहिला की बाकी मुंबई न पाहिली तरी चालते. मार्ग दोन्ही खरे आहेत, पण एकत्र बसत नाहीत. एलिफंटा घ्यायचे तर सकाळी नऊची लाँच धरून दुपारनंतर फक्त संग्रहालय करावे, आणि हे निघण्याआधीच मुलांना सांगावे. लाँचमध्ये लाईफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसू नये. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर लाँचचा भीषण अपघात झाला आहे.

गेटवे चारनंतर. पंचम जॉर्ज १९११ साली येथे उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची एक तात्पुरती उभी केली होती. खरी कमान १९२४ साली खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी हिच्यातूनच बाहेर पडली. राजाच्या स्वागतासाठी बांधलेली कमान निरोपाच्या कामी आली, यावर मुले दरवर्षी हसतात. तेथून पायी किंवा बसने मरीन ड्राइव्ह, सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास. येथे काही सांगू नये. ज्यांनी समुद्र प्रथमच पाहिला आहे त्यांना कट्ट्यावर स्वस्थ बसू द्यावे.

साडेसहाला उठावेच लागते. चर्चगेटवरून स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांची चाल, पण समोरून घरी निघालेल्या माणसांचा लोंढा येत असतो, म्हणून आठ-आठच्या तुकड्या आणि प्रत्येकीला एक प्रमुख. प्रमुखाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला हवा. मोबाइलची बॅटरी याच वेळेला संपते. कोणी चुकल्यास त्याने शोधत फिरू नये, सरळ स्टेशनच्या सामानघरापाशी येऊन उभे राहावे. आपल्या पिशव्या तेथेच असल्याने सगळे तेथे येणारच. साडेसातला मोजणी, आठला डब्यात. कोल्हापूरला सकाळी उतरल्यावर एस.टी. स्टँड चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि निपाणीकडची बस मिळायला फार वेळ लागत नाही.