बरड जमिनीत भाजीचे वाफे

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, ज्यातून १९८२ साली गडचिरोली निराळा झाला, महसुली दप्तरात कन्हार, मोरंड, खरडी, बरडी असे जमिनीचे वर्ग लिहीत. बरडीस आकार कमी. परंतु पुष्कळांची सांदवाडी तीतच असते. पेन्शन घेतल्यावर प्रस्तुत लेखकाने तेथे पहारीने खोल वाफे खणिले. खालचा खडक पाणी जिरू देईना. श्रावणात वांगी मुळाशी कुजली. म्हणून वाचकांस विनंती की, खाली न खणता वाफा वर चढवावा. वेचलेल्या गोट्यांचा वीतभर उंच बांध उतारास आडवा रचावा. आत बोडीतून उन्हाळ्यात काढलेला गाळ २ पाट्या व कुजलेले शेणखत १ पाटी या मानाने भरावे. फटींतून जादा पाणी निघते, माती राहते. रुंदी अडीच हातच ठेवावी, म्हणजे आत पाय न देता निंदण होते. गतवर्षी अशा वाफ्यांतील वांगी फाल्गुनापर्यंत घरी पुरली.